मुलांना ‘नाही’ म्हणायला घरातच शिकवूया

“आमचा मुलगा चांगलाच होता हो, मित्रांनी बिघडवला.” आठवी ते बारावीच्या वयातल्या मुलांच्या आई-वडिलांकडून हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. मस्जिदीबाहेर, शाळेच्या पालकसभेत, लग्नाच्या मांडवात, कुठेही विषय निघाला की बोलणं इथेच येऊन थांबतं. या वाक्यात अर्धं सत्य आहे. मित्रांनी बोलावलं हे खरंच. पण बोलावल्यावर मुलाला ‘नाही’ का म्हणता आलं नाही, हा पुढचा प्रश्न आपण सहसा विचारत नाही.

मित्र तोडायला लावणं, मोबाईल काढून घेणं, ट्युशन बंद करणं हे उपाय आपण लगेच करतो. काही वेळा त्यांची गरजही असते. मात्र हाच मुलगा उद्या शिकायला पुण्या-मुंबईला हॉस्टेलवर जाईल, नोकरीला लागेल. मित्र तिथेही असतील, आपण मात्र नसू. त्याच्यासोबत जाईल ती फक्त त्याची ‘नाही’ म्हणण्याची सवय. ही सवय कशी लागते आणि त्यात घराचा वाटा किती, ते पाहू.

दबाव येतो कसा?

दबाव म्हटलं की कोणीतरी धमकावतंय असं चित्र आपल्या डोळ्यांसमोर येतं. प्रत्यक्षात तो हसत-खेळत येतो. ट्युशन सुटल्यावर चार मुलं टपरीवर थांबतात. एकजण माव्याची पुडी उघडतो आणि म्हणतो, “घे रे, एवढ्याने काय होतंय?” न घेणाऱ्याला ‘फट्टू’, ‘अम्मीचा लाडका’ किंवा टिंगलीने ‘मौलाना’ अशी नावं पडतात. शब-ए-बरातच्या रात्री घरचे समजतात मुलगा इबादतीला गेला आहे, आणि तो तिघांमध्ये दबून सुसाट बाइकवर बसलेला असतो, कारण “सगळे चाललेत, तू एकटाच काय करणार?”

क्रिकेटच्या हंगामात कोणीतरी सट्ट्याचं ॲप दाखवतं, “मी काल पाचशे कमावले.” कॉलेजात ओळखीचा मुलगा म्हणतो, “तुझं बँक खातं दोन दिवस वापरायला दे, तुलाही पैसे मिळतील.” फसवणुकीचे पैसे फिरवायला अशीच खाती वापरली जातात आणि पोलीस पहिल्यांदा खातेदाराच्या दारात येतात. मुलींच्या बाबतीत मागणी बहुतेक वेळा फोटोची असते. “ग्रुपमध्ये सगळ्यांनी टाकलाय, तूच काय एवढी?” किंवा “विश्वास नाही का माझ्यावर?”

दबावाचा आणखी एक प्रकार आहे, त्यात कोणी काहीच बोलत नाही. सगळ्यांकडे महागडा फोन आहे, आपल्याकडे नाही. ईदला सगळ्यांचे बूट ब्रँडेड आहेत, आपले नाहीत. मूल मनातल्या मनातच कमी पडतं आणि पुढच्या वेळी कशालाही ‘हो’ म्हणायला तयार होतं.

हे वयच असं का असतं?

मुलं मुद्दाम वाट सोडतात असं नाही. मेंदूचा जो भाग परिणामांचा विचार करतो, मोह आवरतो, तो विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. मौज आणि कौतुक यांची ओढ मात्र तेरा-चौदाव्या वर्षीच जोरात असते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात वेगवेगळ्या वयाच्या लोकांना गाडी चालवण्याचा कॉम्प्युटर गेम खेळायला दिला. काही जण एकटे खेळले, काहींच्या शेजारी त्यांचे मित्र होते. १३ ते १६ वयाची मुलं मित्र बघत असताना जवळपास दुप्पट जोखीम घेऊ लागली. मोठ्या माणसांच्या खेळण्यात मात्र फारसा फरक पडला नाही.

म्हणजे आपल्यासमोर शहाण्यासारखा वागणारा मुलगा मित्रांसमोर वेगळा वागतो, तेव्हा तो ढोंगी असतो असं नाही. त्याला तिथे जास्त ताकद लावावी लागते, आणि ती आधीपासून अंगात असावी लागते.

ज्याला घरात बोलता येतं, त्याला बाहेरही बोलता येतं

अमेरिकेतल्याच व्हर्जिनिया विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ जोसेफ ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १३ वर्षांच्या मुलामुलींचा पुढची काही वर्षं अभ्यास केला. आईशी मतभेद झाला की ही मुलं कशी बोलतात, ते त्यांनी पाहिलं. जी मुलं आईसमोर शांतपणे, कारणं देऊन आपलं म्हणणं मांडत आणि लगेच माघार घेत नसत, ती पुढे दारू-सिगारेटच्या बाबतीत मित्रांच्या दबावाला कमी बळी पडली. जी मुलं आईसमोर पटकन गप्प बसत, ती मित्रांसमोरही गप्प बसण्याची शक्यता जास्त होती.

हे ऐकून आपल्यापैकी अनेकांना जरा बोचेल. कारण आपल्या घरांत ‘मोठ्यांना उलट बोलायचं नाही’ हा पहिला धडा असतो. मुलगा खाली मान घालून ‘जी अब्बू’ म्हणाला की आपण समाधानी होतो. पण ज्याला चौदा वर्षं फक्त ‘जी’ म्हणायचीच सवय लावली, तो टपरीवरच्या दादा मुलालाही ‘जी’च म्हणणार. मान खाली घालायची सवय माणूस बघून बदलत नाही.

इथे अदब सोडायला कोणी सांगत नाही. आवाज चढवणं, दार आपटणं, आई-वडिलांना टाकून बोलणं ही बेअदबी आहे आणि ती खपवून घेऊ नये. “अब्बू, मला हे पटत नाही, कारण असं असं आहे,” हे वाक्य बेअदबी नाही. हा फरक आपल्यालाही कळला पाहिजे आणि मुलांनाही.

प्रेषितांनी ऐकून घेतलेले दोन नकार

हा फरक आपल्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या आचरणातून स्पष्ट दिसतो. सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिममध्ये हजरत सहल बिन सअद (रजि.) यांची एक रिवायत आहे. प्रेषितांसमोर पेय आणलं गेलं. त्यातलं ते प्याले. त्यांच्या उजव्या बाजूला एक लहान मुलगा बसला होता आणि डाव्या बाजूला वयस्कर मंडळी. रिवाजाप्रमाणे पेला आधी उजवीकडे जायचा. प्रेषितांनी त्या मुलालाच विचारलं की या मोठ्यांना आधी देऊ का, तुझी परवानगी आहे का? मुलाने नम्रपणे पण ठामपणे नकार दिला. तुमच्याकडून मिळणारा माझा वाटा मी कोणालाच देणार नाही, असं त्याचं म्हणणं होतं. प्रेषितांनी पेला त्याच्या हातात दिला.

विचार करा. भरल्या मजलिसीत, बुजुर्गांसमोर, एक लहान मुलगा अल्लाहच्या प्रेषितांना ‘नाही’ म्हणतो. त्याला कोणी गप्प केलं नाही. त्याचा हक्क होता, त्याने कारण दिलं, आणि त्याचा मान राखला गेला. आपल्या घरातल्या दावतीत हेच घडलं असतं तर आपण काय केलं असतं?

दुसरा प्रसंग हजरत बरीरा (रजि.) यांचा. त्या गुलामीतून मुक्त झाल्या, तेव्हा पतीसोबत राहायचं की नाही हे ठरवण्याचा हक्क त्यांना मिळाला. त्यांनी वेगळं होणं पसंत केलं. पती मुगीस (रजि.) त्यांच्यामागे रडत फिरत. प्रेषितांनी त्यांना परत जाण्याबद्दल सुचवलं. बरीरा (रजि.) यांनी विचारलं की हा हुकूम आहे का? प्रेषित म्हणाले की हुकूम नाही, मी फक्त शिफारस करतोय. तेव्हा त्यांनी स्पष्ट सांगितलं की मग मला परत जायचं नाही. ही रिवायतही सहीह बुखारीत आहे. प्रेषितांनी जबरदस्ती केली नाही. आपल्या मुलींना हा प्रसंग आवर्जून सांगायला हवा. “लोक काय म्हणतील, वाईट वाटेल, नाही कसं म्हणू,” या ओझ्याखाली मुली मुलांपेक्षा जास्त दबलेल्या असतात.

बरीरा (रजि.) यांच्या प्रश्नात पालकांसाठी एक सोपी युक्ती आहे. मुलांना सांगताना ‘हा हुकूम आहे’ की ‘हा सल्ला आहे’ हे स्पष्ट करा. नमाज, अभ्यास, रात्री घरी यायची वेळ, विनालायसन्स गाडी न चालवणं हे हुकूम. तिथे कारणं ऐकू, पण निर्णय पालकांचा. कपड्याचा रंग, कोणता खेळ, सुट्टीत मामूंकडे जायचं की खालाकडे, अकरावीला कोणती शाखा, हे सल्ले. तिथे मुलाचा ‘नाही’ खरोखर चालला पाहिजे. दर वेळी आपलंच खरं झालं तर मूल एकच धडा शिकतं, की आपल्या ‘नाही’ला किंमत नसते.

अब्बू परदेशात असतील तर

रत्नागिरी-रायगडकडच्या अनेक घरांत वडील कुवेत, दुबई, सौदीला असतात. व्हिडिओ कॉलवर भेट होते ती दहा मिनिटांची, आणि ती बहुतेक वेळा चौकशीत जाते. नमाज पढलास का, पेपर कसा गेला, अम्मीला त्रास देतोस का. मुलाची उत्तरंही ठरलेली, हो, बरा, नाही. आठवड्यातून एक कॉल तरी असा ठेवा, ज्यात चौकशी नसेल. “तुमच्या ग्रुपमध्ये सध्या काय चाललंय?” एवढं विचारा आणि ऐका. आवडलं नाही तरी लगेच तकरीर सुरू करू नका. तकरीर सुरू झाली की पुढच्या वेळी बातमी बंद होते.

‘नाही’ म्हणायचं कसं?

कुरआनात सूरह युसूफमध्ये हजरत युसूफ (अ.) यांच्या तरुणपणीचा प्रसंग आहे. मोह समोर होता, दारं बंद होती, समोरची व्यक्ती घरची मालकीण होती. त्यांनी काय केलं? आधी अल्लाहचा आश्रय मागितला, थोडक्यात कारण सांगितलं, आणि दाराकडे धाव घेतली. लांबलचक वाद घातला नाही, तिथे थांबून आपली ताकद आजमावली नाही. आजच्या मुलांनाही हीच पद्धत शिकवता येते.

पहिलं, वाक्य लहान ठेवा. “नको यार, मी घेत नाही.” बस्स. बहाणे जितके जास्त, तितकी समोरच्याला पकड जास्त. “आज पोट बिघडलंय” म्हटलं की उत्तर येतं, “मग उद्या घे.” “मी घेत नाही” याला उद्या नसतो.

दुसरं, तेच वाक्य परत म्हणा. चेष्टा झाली तरी नवीन कारण शोधायचं नाही. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तेच, त्याच आवाजात. हसत हसत, खाली बघत म्हटलेला ‘नाही’ समोरच्याला ‘हो’सारखा ऐकू येतो. नजर समोर हवी.

तिसरं, दुसरं काही सुचवा. “बाइक नको, चल चहा मारू.” “सट्टा नको, टर्फवर खेळू, पैसे मी काढतो.” यामुळे मैत्री राहते आणि नकार फक्त त्या गोष्टीला राहतो.

चौथं, उठून निघा. ग्रुप ऐकत नसेल तर तिथे बसून राहणं हाच पुढचा धोका असतो.

पाचवं, घरच्यांचं नाव वापरू द्या. “अब्बू रोज खातं तपासतात,” “अम्मी फोन बघते,” असं सांगून मुलाला सुटता आलं पाहिजे. मुलाला खोटं बोलावं लागू नये म्हणून आपण खरोखरच अधूनमधून तपासा आणि त्याला सांगून ठेवा, “माझं नाव पुढे कर, वाईटपणा माझ्यावर येऊ दे.”

सहावं, एक खुणेचं वाक्य ठरवा. उदाहरणार्थ, मुलीने मेसेज केला, “दादीने गोळी घेतली का?” की आई लगेच फोन करेल आणि जोरात सांगेल, “ताबडतोब घरी ये.” मुलगी नाइलाज दाखवून निघेल. यात एक अट पाळा. त्या रात्री प्रश्न विचारायचे नाहीत. विचारपूस दुसऱ्या दिवशी, शांतपणे.

आणि हे सगळं फक्त सांगून येत नाही, त्याचा सराव लागतो. जेवताना दस्तरखानावर दहा मिनिटं काढा. अब्बूंनी टवाळ मित्र व्हायचं आणि आग्रह करायचा, मुलाने नकार द्यायचा. मग उलट. पोरं हसतील, हसू द्या. तोंडातून एकदा निघालेलं वाक्य वेळ आली की पुन्हा सहज निघतं.

एक साथीदार पुरतो

१९५०च्या दशकात सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग केला. कागदावरच्या तीन रेषांपैकी कोणती रेष दाखवलेल्या रेषेएवढी आहे, एवढंच सांगायचं. उत्तर डोळ्यांना स्पष्ट दिसत होतं. पण खोलीतले बाकी सगळे आधीच ठरवून चुकीचं उत्तर देत होते. ज्याची परीक्षा होती त्याला हे माहीत नव्हतं. सुमारे तीन चतुर्थांश जणांनी निदान एकदा तरी सगळ्यांबरोबर चुकीचं उत्तर दिलं. मात्र खोलीत एकच माणूस जरी बरोबर उत्तर देणारा असला, तरी अशा चुका एक चतुर्थांशाच्या आसपास आल्या.

सूरह कहफमध्ये ज्यांचा उल्लेख येतो ते गुहेतले ईमानवंत तरुणच होते, आणि ते एकत्र होते. अख्ख्या कौमविरुद्ध उभं राहताना त्यांना एकमेकांची सोबत होती. म्हणून मुलाला ‘सगळे मित्र सोड’ म्हणण्यापेक्षा ‘त्यातला तुझ्यासारखा विचार करणारा एक शोध’ असं सांगणं जास्त उपयोगाचं. प्रेषितांनी चांगल्या सोबत्याला अत्तरवाल्याची आणि वाईट सोबत्याला भाता फुंकणाऱ्या लोहाराची उपमा दिली आहे. अत्तर विकत घेतलं नाही तरी सुगंध मिळतो, आणि भात्याजवळ कपडे जळाले नाहीत तरी धुराचा वास लागतो.

मुलांचे मित्र आपल्या घरी येऊ द्या. इफ्तारला बोलवा, सुट्टीत जेवायला बसवा, नावं लक्षात ठेवा. त्यांच्या आई-वडिलांचे नंबर घेऊन ठेवा. ज्या मित्राने आपल्या घरचं मीठ खाल्लंय, तो सहसा आपल्या मुलाला एकटं पाडत नाही.

चूक झालीच तर दार बंद करू नका

एवढं करूनही कधी मूल ‘हो’ म्हणेल. त्या वेळी आपण कसे वागतो यावर पुढचं ठरतं. मुस्नद अहमदमध्ये एका तरुणाची रिवायत आहे. त्याने प्रेषितांकडे चक्क व्यभिचाराची परवानगी मागितली. लोक त्याच्यावर ओरडले. प्रेषितांनी त्याला जवळ बसवलं, तुझ्या आईबाबत, बहिणीबाबत, मुलीबाबत कोणी असं केलेलं तुला चालेल का, असं एकेक विचारलं, आणि शेवटी त्याच्यावर हात ठेवून दुआ केली. ओरडणं सोपं होतं. त्यांनी त्याला विचार करायला लावलं.

मुलाच्या खिशात पुडी सापडली तर पहिल्या दिवशी मारहाण करून, मोहल्ल्यात बोभाटा करून काही साधत नाही. पुढच्या वेळी तो फक्त नीट लपवेल. आधी ऐका, मग परिणाम सांगा, मग मार्ग दाखवा.

कायदाही माहीत असू द्या. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. १८ वर्षांखालील मुलाला तंबाखूचे पदार्थ विकणं २००३च्या कायद्याने गुन्हा आहे आणि शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांच्या आत त्यांच्या विक्रीला मनाई आहे. मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखू देणाऱ्याला २०१५च्या बाल न्याय कायद्याखाली सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. ई-सिगारेटच्या विक्रीवर २०१९ पासून देशभर बंदी आहे आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर २०२५ मध्ये बंदीचा कायदा झाला. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर २०१९च्या दुरुस्तीनुसार पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. लहान मुलामुलींचे अश्लील फोटो पुढे पाठवणं हा गंभीर गुन्हा आहे, पाठवणारा मित्र असो वा कोणी.

मदतही उपलब्ध आहे. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६, मानसिक ताणासाठी टेली-मानस १४४१६, मुलांवर कोणतंही संकट असेल तर चाइल्डलाइन १०९८, ऑनलाइन फसवणूक झाली तर १९३०. हे चार नंबर फ्रिजवर लावून ठेवा, मुलांच्या मोबाईलमध्येही सेव्ह करून द्या.

सुरुवात आपल्यापासून

मूल आपल्याला बघत असतं. हप्त्यावर मोठा हॉल घेऊन, ऐपत नसताना लग्नात जेवणावळी घालून “काय करणार, लोकांना तोंड दाखवायचंय,” असं म्हणणारे आपणही दबावाखालीच जगत असतो. भावकीसमोर आपण ‘आम्हाला झेपणार नाही’ असं शांतपणे सांगितलं, तर तो धडा मुलाला कोणत्याही बयानपेक्षा जास्त लक्षात राहतो.

या आठवड्यात एवढं करून बघा. मुलाने किंवा मुलीने एखाद्या साध्या गोष्टीला ‘नाही’ म्हटलं, तर लगेच ‘गप्प बस’ म्हणू नका. ‘का?’ असं विचारा. कारण ऐका. पटलं तर मान्य करा आणि तसं तोंडाने सांगा, “तुझं बरोबर आहे बेटा.” नाही पटलं तर आपलं कारण सांगा. आपल्यासमोर ज्याचा आवाज कापत नाही, त्याचा आवाज टपरीवरही कापणार नाही, इन्शाअल्लाह.